फेरारी दोन, सुट्टी एक: अबू धाबी की स्पेन?

घरात गाड्यांनी झपाटलेलं पोर असलं की हा प्रश्न कधी ना कधी येतोच. फेरारीचं पार्क दाखवायचं तर अबू धाबीच्या यास बेटावरचं फेरारी वर्ल्ड, की स्पेनमध्ये सालोऊजवळ पोर्टअव्हेंतुरा या मोठ्या मनोरंजन पार्कच्या आवारातलं फेरारी लँड? आम्ही आधी स्पेनला गेलो आणि दोन वर्षांनी अबू धाबीला. दोन्ही वेळा तीच वरात: मी, बायको, आई, मुलगा आणि धाकटी मुलगी. माझा कल एकीकडे आहे. झाकायचा प्रयत्न करतो, पण जमेलच असं नाही.

वेगाचं आधी उरकून टाकू, कारण पोरांना तेवढंच ऐकायचं असतं. अबू धाबीची फॉर्म्युला रोसा ही रोलर कोस्टर पाच सेकंदांच्या आत ताशी २४० किलोमीटरला पोचते. डोळ्यांत वाळू आणि वारा जाऊ नये म्हणून गॉगल लावायला देतात, आणि ते नाटक नव्हे हे पहिल्याच सेकंदाला कळतं. स्पेनची रेड फोर्स पाच सेकंदांत १८० गाठते आणि ११२ मीटर उंच मनोऱ्यावर सरळ चढून तशीच सरळ खाली येते. मी घड्याळ लावलं नव्हतं. पण रेड फोर्सवर माझी एक आरोळी पुरी व्हायच्या आत सगळं आटोपलं होतं, आणि रोसावर दोन आरोळ्या मारून मध्ये देवाचं नाव घ्यायलाही सवड मिळाली. रोसाचा मार्ग दोन किलोमीटरहून लांब आहे, रेड फोर्सचा एक किलोमीटरही नाही. फरक बहुधा तिथेच आहे. तरीही मनोऱ्याच्या टोकावरचा तो एक क्षण, जिथे गाडी रेंगाळल्यासारखी वाटते आणि पलीकडे समुद्र दिसतो, त्याला तोड नाही. निव्वळ एका राइडपुरतं विचाराल तर माझं मत स्पेनला जाईल. मुलाचं मत रोसाला आहे. त्या वयात आकडा मोठा तो मोठा.

पण घरच्यांना घेऊन जाताना राइड हा दिवसाचा फार छोटा तुकडा असतो. बाकीचा दिवस रांगेत जातो, नाहीतर कुणाची तरी वाट बघण्यात. माझा निकाल या वाट बघण्यानेच लावला.

त्याचं असं झालं. दोन्हीकडच्या मुख्य राइडला उंचीची अट १४० सेंटिमीटर. स्पेनला गेलो तेव्हा मुलगा टाचा न उचलता १४१ होता, मुलगी अर्थातच खूप खाली, आणि आई म्हणाली, "मला कशाला ते उलटंपालटं." म्हणजे घराचे दोन तुकडे. मी आणि मुलगा रांगेत, बाकी तिघी बाहेर. राइडवर जाताना खिशातलं सगळं, मोबाइलसकट, लॉकरमध्ये ठेवायचं. इथपर्यंत कुणालाही ठाऊक असतं. जे आम्हाला सुचलं नव्हतं ते असं, की जुलैतल्या भर दुपारी उघड्यावर बसलेली माणसं एका जागी थांबत नाहीत. सावली सरकते, तशी माणसंही सरकतात. रांगेत आमचा तासाहून जास्त वेळ गेला. बाहेर येऊन बघतो तर ठरलेल्या बाकावर कुणी नाही. लॉकरमधून मोबाइल काढला तर बायकोचे चार कॉल येऊन गेलेले. मी लावला तर ती उचलेना, कारण तोवर ती मुलीला घेऊन स्वच्छतागृहाच्या रांगेत होती आणि पर्स आईकडे होती. आईला परदेशात वाजणारा फोन उचलायची धास्ती, बिल येईल म्हणून. पाऊण तास आम्ही एकमेकांना शोधत गोल फिरत होतो. व्हेनिसच्या सॅन मार्को चौकाची प्रतिकृती मी त्या दिवशी तीनदा पाहिली, एकदाही पाहायची म्हणून नाही.

यात पार्कचा काही दोष नाही. ऊन तिथलं असलं तरी जुलै आम्हीच निवडला होता. पण मग दुसऱ्या फेरीसाठी मुलगा हट्ट धरतो, बायको नुसती बघते, आई "जा रे, आम्ही बसतो" म्हणते, आणि त्या "बसतो"चा सूर आपल्याला ओळखीचा असतो. दुसरी फेरी झाली नाही.

अबू धाबीला नेमका हाच प्रश्न सुटला. तिथलं जवळजवळ सगळं एकाच लाल छपराखाली आहे. छप्पर म्हणजे साधारण दोन लाख चौरस मीटर, आत एसी. राइडची गाडी सुटते ती इमारतीबाहेर, पण वाट बघणारी मंडळी आत गारव्यात. आईला कॉफीच्या टेबलाशी बसवून आम्ही गेलो, परत आलो तेव्हा ती त्याच खुर्चीवर होती आणि शेजारच्या बाईंशी हातवारे करून गप्पा चालल्या होत्या. मुलगी मधल्या वेळात लहान मुलांच्या ड्रायव्हिंग शाळेत जाऊन आली होती. आम्ही रोसावर दोनदा बसलो, कुणाचा सूर बिघडला नाही. गंमत एवढीच, की स्पेनमध्ये तो मनोरा कुठूनही दिसतो, त्यामुळे आईने नातवाला वर जाताना निदान पाहिलं होतं. इथे गाडी भिंतीपलीकडे जाते आणि आत बसलेल्याला काही कळत नाही. "गेलात कधी आणि आलात कधी?" एवढंच तिने विचारलं.

बाकीच्या गोष्टी मला तरी निर्णायक वाटल्या नाहीत. इटलीचा माहोल स्पेनमध्ये जास्त मोकळा वाटतो. फेरारी कंपनी काढणाऱ्या एंझो फेरारीचं मोदेनातलं घर, मिलानचं ला स्काला हे ऑपेरागृह यांच्या प्रतिकृतींमधून चालायला मजा येते, आणि लहानमोठ्यांना एकत्र बसून चालवता येतील अशा गाड्यांचा ट्रॅकही आहे. अबू धाबीत इटलीही छपराखालीच, थोडी पुठ्ठ्याची वाटते. पण शर्यतीची खरी आवड असेल तर यास मरीना सर्किट तिथे शेजारीच आहे. २००९ पासून फॉर्म्युला वन तिथे धावते, आणि आपण नुकते ज्या नावांच्या खेळण्यांत बसून आलो त्यांचं खरं रूप जवळच आहे, ही जाणीव मुलाला जास्त भिडली.

आईला भिडलं ते वेगळंच. अबू धाबीतली फ्लाइंग एसेस ही राइड फ्रांचेस्को बराक्का या पहिल्या महायुद्धातल्या इटालियन वैमानिकावर बेतलेली आहे. त्याच्या विमानावर उधळलेला घोडा रंगवलेला असे. तो १९१८ मध्ये गेला, आणि पुढे १९२३ मध्ये त्याच्या आईनेच एंझोला सुचवलं की हा घोडा तुझ्या गाडीवर लाव, नशीब उघडेल. रांगेत उभा राहून मी हे मुलाला सांगत होतो, ऐकत होती आई. नंतर दुकानात घोड्याचं चित्र असलेला मग तिने स्वतःच्या पैशांनी घेतला. दिऱ्हॅमचे रुपये किती झाले ते विचारलंही नाही, आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडलं.

व्यवहाराचं थोडक्यात. स्पेनला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे कागदपत्रं, अपॉइंटमेंट आणि धाकधूक. अमिरातीचा व्हिसा त्यामानाने किरकोळ काम. मुंबईहून अबू धाबी तीन-साडेतीन तासांवर, आणि यास बेट विमानतळापासून अगदी जवळ. दुबईत उतरला असाल तर तासाभराहून थोडं जास्त धरा. फेरारी लँड बार्सिलोनापासून शंभरेक किलोमीटर आहे, आणि शेजारी पोर्टअव्हेंतुराचं मूळ पार्क असल्याने एका दिवसात दोन्ही करायचा मोह होतो. आजी बरोबर असेल तर करू नका. अबू धाबीला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जाणार असाल तर शर्यतीचा आठवडा टाळा, हॉटेलं महाग होतात. मे महिन्याच्या सुट्टीत मात्र छप्पर पुन्हा कामाला येतं, बाहेर पाऊल टाकवत नाही. दोन्हीकडे वारा जोराचा असला तर मोठी राइड थांबवू शकतात, म्हणून सकाळी आत शिरल्या शिरल्या आधी तीच गाठावी.

युरोपचा दौरा तसाही ठरलेला असेल, सगळी मुलं १४० च्या वर असतील आणि बाहेर बसून राहणारं कुणी नसेल, तर स्पेनचा एक दिवस वाया गेला असं मी म्हणणार नाही. उलट मला तो मनोरा अजून आठवतो. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर धाकटीने पेन्सिलने १४० ची रेघ मारून ठेवली आहे. सध्या ती १३२ वर आहे आणि तिचं म्हणणं आहे की तिने अबू धाबी पाहिलेलं आहे, आता स्पेन.