सोलापुरात शेवटच्या आजारातल्या माणसाला कुठे ठेवणार असाल, तर आधी हे वाचा

घरातल्या कुणाचा कॅन्सर आता बरा होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, आणि कुणी तुम्हाला ‘आमच्याकडे हॉस्पिसची (शेवटच्या आजारातल्या माणसाच्या शुश्रूषेची) सोय आहे, पेशंटला शांतपणे ठेवतो’ असं सांगत असेल, तर पैसे देण्याआधी एवढं विचारा: मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध, ठेवायची परवानगी तुमच्याकडे आहे का? असेल तर तिचा कागद दाखवा. खोल्या, बाग, भजन, जेवण हे सगळं नंतर बघा. माझ्या थोरल्या भावाचे जे हाल झाले ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. संस्थेचं नाव देत नाही, कारण तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे.

अण्णा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात जॉबर होता. तरुणपणापासून तंबाखू. गालाचा कॅन्सर निघाला, बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) घेतला. काही महिने बरे गेले आणि मग मानेत गाठ उठली. गालाला आरपार जखम झाली. तोंडाने घास जाईना, नाकातून नळी घातली, बोलणं बंद झालं. घर भवानी पेठेत, दोन खोल्यांचं. वहिनी विड्या वळते, भाचा रात्रपाळीला जातो. जखमेचं ड्रेसिंग कुणी करायचं, रात्री तो कळवळायला लागला की कुणाला बोलवायचं, या प्रश्नाने घर हवालदिल झालेलं असताना ओळखीतल्या एकाने या जागेचं नाव सांगितलं.

शहराच्या कडेला बंगला. दारात तुळशीवृंदावन, आत सिद्धेश्वरांचा मोठा फोटो, प्रत्येक खाटेवर हवेची गादी. बोर्डावर ‘हॉस्पिस व पॅलिएटिव्ह केअर सेंटर, शासनमान्य’ आणि खाली नोंदणी क्रमांक. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होणार नसला तरी दुखणं आणि त्रास कमी ठेवणारे उपचार. व्यवस्थापक अतिशय गोड बोलणारा. ‘ताई, तुम्ही निर्धास्त राहा. चोवीस तास डॉक्टर, शिकलेल्या नर्स. आमच्याकडे पेशंटला दुखत नाही.’ डिपॉझिट पन्नास हजार, रोख. रोजचे अठराशे वेगळे. वहिनीने पाटल्या मोडून डिपॉझिट भरलं.

भेटायची वेळ चार ते सहा. रात्री नातेवाइकांनी थांबायचं नाही, ‘इतर पेशंटना त्रास होतो’. आम्ही चारला जायचो तेव्हा अण्णा गाढ झोपलेला असायचा आणि आम्हाला वाटायचं, चला, दुखणं थांबलं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या मुलाने एकदा गेटबाहेर गाठून सांगितलं, ‘मावशी, भेटायच्या वेळेआधी सगळ्यांना झोपेचं इंजेक्शन देतात. आमचे वडील सांगतात, तुमचा पेशंट रात्रभर विव्हळतो.’ दुसऱ्या दिवशी भाचा पाळी बुडवून सकाळीच गेला आणि हट्टाने आत शिरला. अण्णा जागा होता. त्याने वही मागून घेतली आणि लिहिलं, ‘रात्री कोणी येत नाही.’

भाच्याने पांघरूण काढून पाहिलं. कमरेखाली हाडाच्या जागी रुपयाएवढी जखम झालेली. हवेच्या गादीच्या पंपाचं बटण बंद. विजेचं बिल वाढतं म्हणून रात्री बंद करतात, असं तिथल्या आयाबाईने सरळ सांगितलं. झोपून असलेल्या पेशंटला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, गादी असली तरीही. तिथे एक बाई बारा पेशंट बघत होती. अंगात पांढरा कोट, म्हणून आम्ही सगळे तिला सिस्टर म्हणत होतो. नर्सिंगचा कोर्स तिने केलेलाच नव्हता. तिच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. तिला जेवढं जमेल तेवढं ती करत होती.

गालाच्या जखमेला वास येत होता, त्यावर यांचा इलाज म्हणजे फिनेल आणि उदबत्त्या. नंतर बार्शीच्या सिस्टरने आम्हाला दाखवलं की मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक करून जखमेवर भुरभुरली की वास पुष्कळ उतरतो. गोळी अगदी स्वस्त, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी. पॅलिएटिव्हचं काम करणाऱ्याला ही पहिल्या महिन्यात शिकण्याची गोष्ट. कुठल्याही ठिकाणी गेलात आणि पेशंटजवळ उग्र फिनेलचा नाहीतर उदबत्त्यांचा वास आला, तर ड्रेसिंग कसं करतात ते विचाराच.

आता मुख्य गोष्ट. चार्टवर लिहिलं होतं, ‘मॉर्फिन 10 मि.ग्रॅ., सकाळ-संध्याकाळ’. बिलात एका डोसचे साडेतीनशे रुपये. भाच्याने चार्टचा फोटो बार्शीच्या डॉक्टरांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘पोट साफ होण्याचं औषध कुठे आहे?’ मॉर्फिन सुरू केलं की बद्धकोष्ठता होतेच, म्हणून जाणकार डॉक्टर मॉर्फिनच्या जोडीला पोट साफ होण्याचं औषध लिहितातच. चार्टवर ते नव्हतं. दुसरं, मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर चारेक तास टिकतो. ती दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची असते. दुखायला लागल्यावर मागून घ्यायची नाही आणि दिवसातून दोनदा तर नाहीच. बारा तास टिकणारी वेगळी गोळी असते, पण तसं चार्टवर लिहिलेलं नव्हतं. नळीतून द्यायला गोळी कुटूनच द्यावी लागते, आणि ती लांब टिकणारी गोळी कुटायची नसते. डॉक्टर म्हणाले, ‘मला गोळीच्या पाकिटाचा फोटो पाठवा.’

पाकीट मिळालं नाही. ‘ते कपाटात आहे, चावी सरांकडे.’ सर फोन उचलेनात. औषधाच्या ट्रेमध्ये होतं डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल. गालातून मानेपर्यंत पसरलेल्या कॅन्सरच्या दुखण्यावर एवढंच. आणि आम्हाला बिल मॉर्फिनचं.

हे करणं त्यांना शक्य होतं, कारण मॉर्फिन हा शब्द ऐकला की आपण माणसं गप्प बसतो. अफूपासूनचं औषध, कायद्याचं काही असेल, आपण कशाला विचारा. म्हणून कायदा सांगते. मॉर्फिनवर 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याचं नियंत्रण आहे. त्यात 2014 साली दुरुस्ती झाली आणि मॉर्फिनसह काही औषधं अत्यावश्यक ठरवली गेली. पूर्वी दवाखान्याला वेगवेगळे परवाने गोळा करावे लागत. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ अशी एकच मान्यता पुरते. अशा संस्थेत प्रशिक्षित डॉक्टर असावा लागतो आणि मॉर्फिनच्या साठ्याची नोंदवही ठेवावी लागते, किती आलं आणि किती दिलं. मान्यतेचा कागद मागण्यात उर्मटपणा काहीच नाही. जी खरी संस्था आहे ती आनंदाने दाखवते.

अण्णाला त्याच दिवशी हलवायचं ठरवलं तर जास्तीचं बिल पुढे आलं: ड्रेसिंग, ऑक्सिजन, मॉर्फिनचे डोस, ‘बायोमेडिकल चार्ज’. भरल्याशिवाय सोडणार नाही म्हणाले. भाच्याने पोलिसांना फोन लावला तेव्हा गेट उघडलं. बिलासाठी पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही, हे लक्षात असू द्या. शुश्रूषागृहांच्या नियमांत 2021 साली बदल झाल्यापासून दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. या बंगल्यात दोन्हीही नव्हतं. भिंतीवर सुविचार होते.

डिपॉझिट मागायला गेलो तेव्हा खरी पाचर कळली. पावतीवर डिपॉझिट हा शब्दच नव्हता. ‘देणगी, कलम 80 जी’ असं छापलेलं. ‘देणगी परत करता येत नाही ताई, ती तुम्ही स्वखुशीने दिलीत.’ पाटल्या मोडून दिलेले पैसे, खाट मिळवण्यासाठी दिलेले, आणि म्हणे स्वखुशीने! दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला 80 जी ची आयकर सवलतच मिळत नाही, म्हणजे तो कागद करासाठीही कुचकामाचा. त्याचा उपयोग एकच, पैसे अडकवणे. पैसे हातात देण्याआधी पावतीपुस्तक मागून बघा आणि ‘परत मिळणारी अनामत रक्कम’ असं लिहून घ्या. शक्यतो रोख देऊच नका.

बोर्डावरच्या ‘शासनमान्य’चाही उलगडा माहिती अधिकाराच्या अर्जांतून झाला. तो क्रमांक धर्मादाय आयुक्तांकडच्या ट्रस्टच्या नोंदणीचा होता. ट्रस्ट नोंदवलेला असणं ही एक गोष्ट आणि पेशंट ठेवायची परवानगी असणं दुसरी. पेशंट ठेवायला महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, 1949 खाली नोंदणी लागते, शहरात ती महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते. तिथे या जागेचं नाव नाही. अन्न व औषध प्रशासनाकडून मॉर्फिनबद्दलही तेच उत्तर आलं, अशी मान्यता दिलेली नाही.

अण्णाला आम्ही बार्शीला नेलं. मॉर्फिनची खरी गोळी सुरू झाली, नळीतून, दर चार तासांनी, रात्रीच्या डोसचा हिशोब डॉक्टरांनी लिहून दिला. दोन दिवसांत तो उठून बसला, वहीत नातीसाठी चित्रं काढली. मग घरी आणलं. ड्रेसिंग वहिनी शिकली आणि उत्तम करायची. गड्ड्याची यात्रा चालू असताना तो घरीच गेला, आणि शेवटपर्यंत त्याला दुखलं नाही. हेच त्या बंगल्यात पहिल्या दिवसापासून होऊ शकलं असतं. गोळी महागडी नव्हे. त्याच्या वाट्याच्या त्या रात्री यांनी साडेतीनशे रुपयांना एक अशा विकल्या. हा राग माझ्या मनातून जात नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

तुम्ही कुठली जागा पाहायला जाल तर दुपारी ठरवून जाऊ नका, रात्री दहानंतर न सांगता जा. दार उघडतं का, कोण उघडतं, आतून विव्हळण्याचा आवाज येतो का ते बघा. नर्सला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा, डॉक्टरांचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत तपासा, आणि रात्री दोन वाजता दुखणं उसळलं तर नेमकं काय देणार हे लिहून मागा. ‘डॉक्टरांना फोन करू’ हे उत्तर पुरेसं धरू नका. नातेवाइकांना रात्री थांबू न देणाऱ्या ठिकाणी माणूस ठेवूच नका. जिथे हे काम मनापासून चालतं तिथे घरच्यांना जवळ बसवून घेतात, शिकवतात. शेवटी आयसीयूत हलवायचं का, हा निर्णय कुणाचा, तेही आधीच बोलून ठेवा. शेजारच्या त्या आजोबांना त्यांच्या मुलाला न विचारता एका खासगी आयसीयूत नेलं होतं.

पैसे टाकण्याआधी सिव्हिलमध्ये चौकशी करा. केंद्र सरकारचा पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम 2012 पासून आहे आणि तो जिल्हा पातळीवर उपचार पोहोचवण्यासाठीच आहे. जिथे आधी उपचार झाले त्या कॅन्सर हॉस्पिटलला विचारा. लांब जायची तयारी असेल तर पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे, मुंबईत बांद्र्याला शांती अवेदना सदन 1986 पासून. या दोन्ही ठिकाणी पेशंटकडून पैसे घेत नाहीत.

फसवले गेला असाल तर केसपेपरची लेखी मागणी आधी करा, पोच घ्या. अर्ज मिळाल्यापासून 72 तासांत कागद देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि उशीर झाला की चार्ट बदलले जातात. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच स्पष्ट केलं आहे. जिल्हा आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. सल्ल्यासाठी 1915 हा क्रमांक आहे. आमच्या तक्रारीला त्या संस्थेने अजून लेखी उत्तर दिलेलं नाही. वकील म्हणतात, अशीच ‘देणगी’ची पावती असलेली आणखी एक-दोन कुटुंबं पुढे आली तर ती सगळ्यांकडून उकळलेली अनामत होती हे सिद्ध करणं सोपं जाईल. तुमच्या घरात तशी पावती असेल तर ती फाडू नका, मूळ प्रत जपून ठेवा.