तान्ह्या बाळासोबत थीम पार्क: खोपोली, बिडदी की कणेरी?

दसऱ्याची सुट्टी जवळ आली की आमच्या घरी हा विषय निघतोच. थोरली सहा वर्षांची, धाकटं पाच महिन्यांचं. थोरलीच्या वर्गातली दोन मुलं उन्हाळ्यात खोपोलीला जाऊन आली, तेव्हापासून तिचा एकच धोशा. सासूबाई म्हणतात, "तान्हं पोर घेऊन कुठं उन्हातान्हात हिंडतीस? वरीसभर थांब की." नवरा म्हणतो, जाऊया. मला दोघांचंही पटतं, म्हणून नीट हिशोब मांडायला बसले. दोन्ही मोठ्या पार्कांत लहान बाळ सोबत असताना मी एकेक दिवस काढला आहे. बिडदीच्या वंडरलात गेलो तेव्हा थोरली दहा महिन्यांची होती. खोपोलीच्या इमॅजिकात गेलो तेव्हा जाऊबाईंचं सात महिन्यांचं बाळ बरोबर होतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागातल्या ज्या घरांत असाच वाद चालू असेल, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आधी थोरल्याची उंची मोजा

पार्कात तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. बाळ जन्मतः साधारण ५० सेंमी असतं, सहा महिन्यांत ६५ च्या आसपास जातं, वर्षाचं होताना ७५ च्या. म्हणजे बाळाचं तिकीट लागत नाही, पण बाळाला बसायला राइडही नसते. इथवर सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो थोरल्याच्या बाबतीत. ज्यांच्या जाहिराती बघून मुलं हट्ट धरतात, त्या बऱ्याचशा मोठ्या राइड्सना १४० सेंमीच्या आसपासची अट असते. सहा वर्षांचं मूल ११०-११५ सेंमीचं. त्याच्या वाट्याला लहान मुलांचा विभाग, आगगाडी, चक्र आणि आतले खेळ-शो एवढंच येतं. तेवढ्यासाठी तान्ह्या बाळाला चारशे-पाचशे किलोमीटर न्यायचं का, हा प्रश्न घरीच, टेप हातात घेऊन सोडवता येतो. आम्ही दाराच्या चौकटीला पेन्सिलीने खूण केली. थोरली ११३ भरली.

थोरलं मूल दहा-बारा वर्षांचं असेल तर गोष्ट वेगळी. त्याला पार्कातला दिवस खरोखर वसूल होतो, आणि मग बाळासाठी थोडी तोशीस घेण्यात अर्थ आहे.

बाळ किती महिन्यांचं आहे?

माझ्या मते सगळं इथे ठरतं. सहा महिन्यांच्या आत बाळ फक्त अंगावरच्या दुधावर असतं, उन्हाळ्यातही त्याला वरचं पाणी द्यायचं नसतं, आणि दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं. एवढ्या लहान बाळाला ऊन लागू नये म्हणून क्रीमही लावत नाहीत, सावलीत ठेवणं हाच उपाय. पाण्याचे खेळ तर नकोच, कारण त्याचं अंग फार लवकर गार पडतं.

दुसरी खूण नऊ महिन्यांची. गोवर-रुबेलाची पहिली लस तेव्हा मिळते. गोवराचे विषाणू बंद खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतात. थीम पार्कातले शो म्हणजे अंधाऱ्या, वातानुकूलित, खचाखच भरलेल्या खोल्याच. लस झालेली नसताना बाळाला तिथे अर्धा तास घेऊन बसणं माझ्या जिवाला पटत नाही. त्यात आवाज. बाळाची कानाची नळी लहान असल्यामुळे तोच आवाज त्याला आपल्यापेक्षा मोठा लागतो. जाणारच असाल तर कानावर घालायचे लहान मुलांचे इअरमफ घेऊन ठेवा. टोपरं घट्ट बांधून काम भागत नाही.

खोपोली की बिडदी

बेळगावहून इमॅजिका सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, वंडरला बंगळूर ओलांडून मैसूर रस्त्यावर, म्हणजे पाचशेच्या वर. कागदावर खोपोली जवळ. बाळ सोबत असलं की उलटं वाटतं, आणि त्याचं कारण रेल्वे.

बंगळूरला रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसायचं. खालचा बर्थ मिळाला की बाळाला भिंतीच्या बाजूला घेऊन आईने आडवं व्हायचं, सकाळी उतरायचं. रायबाग, घटप्रभा भागातल्यांनाही ती सोयीची आहे. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बंगळूर वंदे भारतही आहे, साडेआठ तासांच्या आसपास लागतात, पण ती पूर्ण वेळ बसून काढायची. पाच-सहा महिन्यांच्या बाळासाठी मी रात्रीची गाडीच घेईन. बंगळूर स्टेशनवरून पर्पल लाइन मेट्रो चल्लघट्टापर्यंत जाते आणि तिथून पुढे बिडदी, पण दोन बॅगा, बाबागाडी आणि बाळ असताना सरळ टॅक्सी करावी.

खोपोलीला रेल्वेने जायचं तर पुण्यापर्यंत गाडी आणि पुढे ऐंशी-नव्वद किलोमीटर टॅक्सी. हुबळी-पुणे वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून बेळगाववरून जाते, तरी बहुतेक लोक स्वतःची गाडीच काढतात. स्वतःच्या गाडीत बाळ कुणाच्या तरी मांडीवर असतं, ही आपल्याकडची सवय. ती मोडा. जोराचा ब्रेक लागला तर मांडीवरचं बाळ हातात राहत नाही. बाळासाठी मागे तोंड करून बसवायची वेगळी सीट मिळते, ती मागच्या बाकावर लावा. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा अशा सीटने बांधलेलं नसेल तर १००० रुपये दंड आहे. पण दंडासाठी नको, बाळासाठी घ्या. त्या सीटमध्येही बाळाला सलग तासन् तास ठेवायचं नसतं. दर दोन तासांनी थांबून बाहेर काढायचं, पाठ मोकळी करायची, पाजायचं. असं थांबत गेलं की पुणंच आठ तासांवर जातं. पुढे बोरघाट उतरताना बाळाचे कान दडपतात. त्या वेळी चोखायला मिळालं की कान सुटतात, म्हणून घाटाच्या अलीकडे थांबून त्याला पुरतं पाजून टाकू नका. भूक थोडी शिल्लक ठेवा आणि उतरताना काढलेलं दूध बाटलीने द्या.

हवेचा फरकही मोठा आहे. आपलं बेळगाव साडेसातशे मीटरवर, बंगळूर नऊशेवर. आपल्या बाळांना ती हवा परकी वाटत नाही. खोपोली घाटाच्या पायथ्याशी, दमट. जाऊबाईंच्या बाळाच्या मानेवर दुपारपर्यंत घामोळं उठलं होतं, तेही फेब्रुवारीत. जून ते सप्टेंबर तिथे पाऊस कोसळतो. पाऊस थांबलेला दसरा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून खोपोलीचा विचार बाळवाल्यांनी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गेटच्या आत मात्र पारडं फिरतं. वंडरलात एकाच तिकिटात कोरडे आणि पाण्याचे दोन्ही खेळ, आणि लोकांचा ओढा पाण्याकडे. पाण्यात उतरायचं तर नायलॉनचे कपडे घालावे लागतात. आई भिजली, आणि नेमकं तेव्हा बाळ उठलं, की त्या क्लोरीनच्या पाण्याच्या अंगाने, ओल्या कपड्यांत त्याला जवळ कसं घेणार? आधी अंग धुवायचं, कपडे बदलायचे, मग पाजायचं, तोवर बाळ रडून लाल. थोरलीच्या वेळी हे दोनदा झालं आणि तिसऱ्यांदा मी पाण्याकडे गेलेच नाही. इमॅजिकात थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क यांची तिकिटं वेगळी. फक्त थीम पार्कचं घेतलं की आई दिवसभर कोरडी राहते. बरेच खेळ छपराखाली आहेत, त्यामुळे भर दुपारीही थोरल्यांचं चालू राहतं आणि बाळाला सावली शोधत फिरावं लागत नाही. बोलायला मराठी, हा आमच्या सासूबाईंना मोठा आधार. बिडदीला मी "बिसी नीरु बेकु" म्हटलं की गरम पाणी मिळालं, आपल्या बेळगावकरांना तेवढं कानडी येतंच.

दोन्हीकडे पार्काला लागून हॉटेल आहे: बिडदीला वंडरलाचं रिसॉर्ट, खोपोलीला नोवोटेल. खर्च वाढतो हे खरं. पण बाळ एक वर्षाच्या आतलं असेल तर तिकिटांत काटकसर करा, खोलीत नको. दुपारी बारा ते चार बाळाला खोलीत पंख्याखाली झोपवता येणं, याच्याइतकी उपयोगाची दुसरी सोय नाही.

आता गर्दी. यात आपल्या सीमाभागातल्या लोकांचा एक फायदा आहे. आपल्या मुलांच्या शाळा कर्नाटकाच्या वेळापत्रकाने चालतात, लांब सुट्टी दसऱ्याला. महाराष्ट्रात ती दिवाळीला. म्हणजे दसऱ्याच्या सुट्टीत बिडदीला रांगा लागलेल्या असतात, आणि खोपोलीला सण सोडून मधला एखादा मंगळवार-बुधवार गाठला तर तिथली शाळकरी गर्दी शाळेत असते. पाऊस गेलेला असला तर बाळवाल्यांनी हा मुहूर्त साधावा.

माणसं किती, हेही मोजा. दोन मोठे आणि दोन मुलं असा हिशोब पार्कात बसत नाही. एकजण थोरल्याबरोबर राइडवर, दुसरा बाळाबरोबर बाकावर, असा सगळा दिवस जातो आणि संध्याकाळी दोघंही चिडलेले. आत्या, मावशी, आजोबा, कुणीतरी तिसरं हवं.

कणेरी, आणि जवळची दोन ठिकाणं

आता माझं आवडतं. कणेरी मठाचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय कोल्हापूरच्या अलीकडे, महामार्गापासून थोडं आत. बेळगावहून शंभरेक किलोमीटर, निपाणीकरांना तर तासाभराचं काम. राइड एकही नाही. उघड्यावर वसवलेलं जुनं गाव आहे: लोहार, कुंभार, न्हावी, सुतार, मोट चालवणारा शेतकरी, जात्यावर दळणारी बाई, सगळे माणसाएवढे पुतळे. गेल्या महिन्यात बाळाला पोटाशी झोळीत बांधून सकाळी नऊला आत शिरले. थोरली न्हाव्यापुढे उकिडव्या बसलेल्या माणसाजवळ थांबली आणि हळूच विचारलं, "आई, हा हलत का नाही?" बाळ पुतळ्याच्या पागोट्याकडे डोळे विस्फारून बघत होतं. कर्कश संगीत नाही, ढकलाढकली नाही. अकराच्या सुमारास ऊन चढलं तेव्हा आमचं बघून झालं होतं. झाडाखाली बसून पाजलं, दुपारी तीनपर्यंत घरी.

वाटेत पायऱ्या आणि खडबडीत जागा लागतात, म्हणून बाबागाडीपेक्षा झोळी बरी. बाबागाडी कुठेही न्या, तिच्यावर ऊन नको म्हणून दुपटं मात्र पांघरू नका. थोरली तान्ही असताना या आढाव्यात नसलेल्या एका वॉटर पार्कात मी तेच केलं होतं. तिथल्या स्तनपानाच्या खोलीत खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, दाराला कुलूप, म्हणून बाहेर भिंतीच्या कडेला बाबागाडी उभी केली आणि वरून सुती दुपटं सोडलं. दहा मिनिटांनी आत हात घातला तर तव्यावरून वाफ यावी तशी हवा. तिचे केस कपाळाला चिकटले होते, गाल तापलेले. दुपट्याने वारा अडतो आणि आतली उष्णता आतच राहते. त्या दिवशी मी तिला उचलून सरळ गाडीकडे निघाले.

हुबळीच्या पुढे शिग्गाव तालुक्यात गोटगोडीला उत्सव रॉक गार्डन आहे, तेही पुतळ्यांचंच, उत्तर कर्नाटकातल्या गावगाड्याचं. सुंदर आहे, पण आपल्यापासून कणेरीपेक्षा लांब. धारवाड-हुबळीला पाहुणे असतील तर जोडून करा. भुतरामहट्टीचं प्राणिसंग्रहालय तर घराजवळच, पाच महिन्यांच्या बाळाची पहिली सहल म्हणून उत्तम. वाघ दिसला तर ठीक, नाहीतर तासाभरात परत.

मग कुठं जायचं

बाळ सहा महिन्यांच्या आत असेल तर कणेरी किंवा भुतरामहट्टी, थोरल्याने कितीही तोंड फुगवलं तरी. सहा ते नऊ महिने असेल आणि थोरलं १४० सेंमीच्या जवळ असेल, तर रात्रीच्या रेल्वेने बिडदी, पार्काला लागून खोली, आणि पाण्यात आईने उतरायचं नाही. बंद खोलीतले शो त्या वयात टाळा. नऊ महिन्यांची लस होऊन पंधरा दिवस झाले असतील, थंडीचे दिवस असतील आणि तिसरं माणूस बरोबर असेल, तर मी खोपोली निवडेन, थोरलं लहान असलं तरीही, कारण सहा-सात वर्षांच्या मुलाला छपराखालचे खेळ तिथे जास्त मिळतात. गाडीने जाताना वाटेत साताऱ्याला किंवा पुण्याला एक मुक्काम धरा.

कुठेही गेलात तरी बाळाची पेज, नाचणीचं सत्त्व, गरम पाण्याचा थर्मास वेगळ्या पिशवीत ठेवा आणि गेटवर आधी तीच पिशवी उघडून दाखवा. मोठ्यांच्या डब्यांबरोबर ते मिसळलं की उगाच वाद होतो.

आमचं असं ठरलं आहे: दसऱ्याला पुन्हा कणेरी, या वेळी सासूबाईंना घेऊन, त्यांना मठात दर्शनही घ्यायचं आहे. खोपोली फेब्रुवारीच्या शेवटी, बाळाची लस झाल्यावर. आत्या पुण्याहून येऊन आमच्यात सामील होणार आहेत. थोरलीची शाळा दोन दिवस बुडेल, तिच्या बाईंना मी आत्ताच सांगून ठेवलं आहे.