कंपनीचा निधी की गावाची वर्गणी? शाळेसाठी निवड करताना

आमच्या जिल्हा परिषद शाळेने दोन्ही अनुभवलं आहे. आधी एका कंपनीच्या सीएसआर निधीतून (सामाजिक कामांसाठी बाजूला काढलेल्या पैशातून) स्वयंसेवी संस्थेमार्फत चाललेला वाचनवर्ग, आणि नंतर गावाने वर्गणी काढून चालवलेला. ज्या मुख्याध्यापकांपुढे किंवा शाळा व्यवस्थापन समितीपुढे सध्या हाच प्रश्न आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो.

वर्गखोल्या, स्वच्छतागृह, सौर पॅनेल असं मोठं काम असेल तर कंपनीच धरा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात; गावाला तो भार पेलणार नाही. राज्य सरकारच्या सप्टेंबर २०२३ च्या दत्तक शाळा योजनेत देणगीदाराचं नाव शाळेला जोडता येतं. मला ते रुचत नाही, पण छप्पर गळत असेल तर त्यावरून अडून बसू नये.

शिकवण्याचं काम असेल तर मात्र गोष्ट वेगळी. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, शाळेचं नाही. संस्थेची ताई फार छान शिकवायची. मार्चअखेर तिचा करार संपला. एप्रिलमध्ये संकलित मूल्यमापन, म्हणजे वार्षिक परीक्षा. मागे राहिलेल्या मुलांना तेव्हाच तिची खरी गरज. पुढे मंजुरी, सामंजस्य करार, निधीचा हप्ता असं करता करता नवी व्यक्ती आली, तोवर पहिली घटक चाचणी उरकली होती. कोणाला काय येत नाही याच्या नोंदी जुन्या ताईच्या टॅबमध्ये, आणि टॅब संस्थेकडे जमा. पुन्हा अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद अशी तपासणी पहिल्यापासून. मुलांनी पुन्हा नव्या माणसाशी जुळवून घ्यायचं. कोणाच्या मनात खोट नव्हती, पण पुढच्या वर्षीही तेच झालं तेव्हा माझं मन उठलं.

आता गावातलीच डी.एड. झालेली एक सून संध्याकाळी समाजमंदिरात वर्ग घेते. मानधन वर्गणीतून, समितीच्या ठरावाने, देणाऱ्याला पावती. तिच्या दोनशेपानी वहीत प्रत्येक मुलाचं एक पान आहे: ‘रफार गाळतो’, ‘हातच्याची वजाबाकी अडते’, ‘आजी दवाखान्यात, घरी कोणी नाही’. वही शाळेच्या कपाटात असते, त्यामुळे वर्गशिक्षकही सकाळी ती चाळतात. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. आमच्याकडे त्या जागा बरीच वर्षं सहीपुरत्या भरल्या जायच्या. आता आया बैठकीत स्वतःहून विचारतात, “आमचा कुठवर वाचायला लागला?”

प्रत्येक गावात हे जमेलच असं नाही. ऊसतोडीला अर्धं गाव जातं तिथे वर्गणी कोणाकडे मागणार? गावात गट असतील तर ग्रामपंचायत निवडणुकीच्या वर्षी हात आखडले जातात. मजुरीवर पोट असलेल्या घरी आम्ही मागायला जातच नाही. सरकारी शाळेतलं शिक्षण मोफत आहे, सक्तीचा वाससुद्धा नको. तरीही मानधनापुरती रक्कम उभी राहत असेल, तर शिकवण्याच्या कामासाठी मी गावाकडेच वळेन.

कंपनीशीच करार करायचा झाला, तर सीएसआर नियमांत अनेक वर्षांचा प्रकल्प मंजूर करता येतो, तसा मागा. शिकवणाऱ्याची मुदत शाळेच्या निकालापर्यंत लिहून घ्या, आणि मुलांच्या नोंदींची प्रत शाळेत राहील हेही.