इन्व्हर्टर, सिलिंडर की सोसायटीचा जनरेटर? घरात ऑक्सिजनवरचं माणूस असेल तर

गुरुवारी सकाळी पावणेदहाला लाइट गेली आणि आईच्या कॉन्सन्ट्रेटरने, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणाऱ्या मशीनने, टीं-टीं सुरू केलं. इन्व्हर्टर होता, डोक्यावर पंखाही फिरत होता. पण पलंगामागचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हताच. वायरमनने ट्यूब, पंखे आणि हॉलमधला टीव्हीचा पॉइंट तेवढा जोडलेला, आणि मेन स्विच पाडून बघायचं आम्हालाही कधी सुचलं नव्हतं. शेवटी हॉलमधून एक्स्टेन्शन ओढली.

तेव्हा इन्व्हर्टरपासून सुरुवात. ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट खातो. फ्लो (मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन) २ वर ठेवला म्हणून वीज त्या हिशोबात कमी लागत नाही. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची. पण इन्व्हर्टरमधली घट धरली आणि बॅटरी पार रिकामी करायची नाही म्हटलं, तर हाती तीनेक तास येतात. तेही नव्या बॅटरीवर. पाणी घालायचं विसरलेल्या जुन्या बॅटरीवर दीड तास निघाला तरी पुष्कळ. घ्यायचाच तर साइन वेव्हचा घ्या. स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसरची मोटर कुरकुरते आणि तापते. इन्व्हर्टरचा एक गुण मात्र कुणाकडे नाही: रात्री तीनला लाइट गेली तरी कुणाला उठावं लागत नाही.

सिलिंडरला वीजच लागत नाही. १० लिटर पाण्याच्या मापाच्या, बी-टाइप म्हणतात त्या सिलिंडरमध्ये भरलेला असताना सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटरने बारा तास, ५ लिटरने पाच. म्हणजे फ्लो कमी असेल तर हा इन्व्हर्टरच्या कितीतरी पुढे जातो. पण तो उघडायला माणूस लागतो. चावी घट्ट बसलेली असते, रेग्युलेटर लावावा लागतो, नळी बदलावी लागते. मुलगा-सून दिवसभर हिंजवडीला आणि घरी दोघंच म्हातारी माणसं असतील, तर कोपऱ्यातला भरलेला सिलिंडर असून नसल्यासारखाच. शिवाय त्या खोलीत समई-निरांजन नको. आमच्याकडे देवघर त्याच खोलीत होतं. देव हलवले, आईने दोन दिवस अबोला धरला.

सोसायटीच्या जनरेटरबद्दल थोडक्यात. तो बहुतेक ठिकाणी लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप एवढंच चालवतो. तुमच्या फ्लॅटमध्ये त्याचा पॉइंट आहे का, तो किती वॅट झेपतो आणि डिझेल कोण बघतं, हे सेक्रेटरींना विचारा. चौथ्या मजल्यावरून रुग्णाला खाली न्यायचं तर लिफ्ट चालू असणं मोलाचं, ते मान्य. पण उपचार त्याच्या भरवशावर ठेवू नका. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर पुण्यात सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं होतं. मीटर पाण्यात गेले की वीज मुद्दामच बंद ठेवावी लागते, आणि जनरेटर तळमजल्यावर असेल तर तोही बुडतो. छोटा पेट्रोल जनरेटर आणून गॅलरीत लावायचा विचार असेल तर सोडून द्या. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आधी त्याच खोलीत शिरेल.

माझं मत विचाराल तर ऑक्सिजनसाठी आधी सिलिंडर, मग इन्व्हर्टर. घरी सिलिंडर उघडू शकणारं कुणी नसेल तर क्रम उलटा, आणि शेजारच्या एकाला चावी फिरवायला शिकवून ठेवायचं. फक्त बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं श्वासाचं मशीन) असेल तर प्रश्नच नाही, इन्व्हर्टर घ्या. हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरचा हीटर बंद केला की ते मशीन खूपच कमी वीज खातं आणि तीच बॅटरी रात्रभर सहज पुरते.

देखभालीचं काम पुण्यात बहुधा गुरुवारी निघतं आणि महावितरणचा एसएमएस आधी येतो. पण बिलावर नोंदवलेल्या नंबरवर. आमच्या बिलावर तीन वर्षांपूर्वी गेलेल्या वडिलांचा नंबर होता. तो १९१२ वर फोन करून बदलता येतो.

आता सिलिंडरची चावी त्याच्याच मानेला सुतळीने बांधली आहे आणि वर पट्टीवर मार्करने डॉक्टरांनी सांगितलेला फ्लो लिहिला आहे: २. धाप लागली म्हणून घाबरून कुणी तो ५ वर नेऊ नये. सीओपीडीच्या (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या) पेशंटला जास्त ऑक्सिजनही बाधतो. धाप वाढली तर १०८.