पहिलं रॉ सॉफ्टवेअर: लाइटरूम, डार्कटेबल की रॉथेरपी?

जेपेग सोडून रॉमध्ये, म्हणजे सेन्सरवरून आलेल्या मूळ डेटाच्या फाइलमध्ये, फोटो काढायला लागलात की सॉफ्टवेअर निवडणं टळत नाही. गिंप हे मोफत एडिटिंग सॉफ्टवेअर सध्या बाजूला ठेवा. ते तयार चित्रावर काम करणारं आहे, रॉ फाइल दिली की ते स्वतःच ती डार्कटेबल किंवा रॉथेरपीकडे सोपवतं. फोटोशॉपही रॉ फाइल आधी ‘कॅमेरा रॉ’ नावाच्या जोडप्रोग्राममधून नेतं. तेव्हा निवड करायची ती रॉ डेव्हलप करणाऱ्या, म्हणजे मूळ डेटावरून चित्र घडवणाऱ्या, प्रोग्राममधून, आणि नवशिक्याच्या कानावर बहुतेक तीनच नावं येतात: लाइटरूम क्लासिक, डार्कटेबल आणि रॉथेरपी. तिन्हींवर मी बरंच काम केलंय. कोणतंही घेतलंत तरी चांगले फोटो निघतील, हे आधीच सांगतो. फरक जाणवतो तो सुरुवातीला, हात बसेपर्यंत.

लाइटरूमचं आधी उरकतो. शिकायला तिघांत तेच सोपं, यात वाद नाही. स्लायडर कमी, नावं सरळ, आणि अडलं तर सांगणारे भरपूर. फोटोतली व्यक्ती किंवा आकाश आपोआप निवडून देणारे मास्क (बदल तेवढ्याच भागापुरता ठेवणारी निवड) २०२१ मध्ये आले, फोटोतला दाणेदारपणा काढणारं, एआयवर चालणारं डीनॉइज २०२३ मध्ये. या दोन बाबतींत बाकीचे दोघे मागे आहेत. एकदाच पैसे भरून विकत घेता येणारी शेवटची आवृत्ती मात्र २०१५ सालची लाइटरूम ६. आता फक्त सबस्क्रिप्शन. ते थांबवलं तर फोटो दिसतात, एक्स्पोर्टही होतात, पण डेव्हलप मॉड्यूल, म्हणजे फोटो सुधारायचा विभाग, बंद होतं. फोटोग्राफीतून चार पैसे मिळवायचा विचार असेल तर बेलाशक घ्या. छंद टिकेल की नाही हेच ठरलं नसेल तर माझ्या मते थांबावं. घेतलंतच तर एक करा: केलेले बदल एक्सएमपी फाइलमध्ये, म्हणजे फोटोशेजारी राहणाऱ्या छोट्या नोंदीच्या फाइलमध्ये, आपोआप लिहिण्याची सोय मुळात बंद असते, ती कॅटलॉग सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करा. नाहीतर तुमची सगळी मेहनत एका कॅटलॉग फाइलमध्येच, म्हणजे लाइटरूमच्या स्वतःच्या नोंदवहीतच, राहते.

आता उरले दोन मोफत आणि मुक्त प्रोग्राम, आणि खरी ओढाताण इथेच होते.

डार्कटेबलची ताकद मोठी आहे. समजा, खिडकीला पाठ करून बसलेल्या माणसाचा फोटो आहे, बाहेरचा उजेड नीट आलाय पण चेहरा काळवंडलाय. टोन इक्वलायझर उघडायचं, माउस चेहऱ्यावर न्यायचा आणि चाक फिरवायचं. चेहऱ्यावर जितका उजेड आहे तेवढ्याच पातळीचे भाग वर येतात, खिडकी जागची हलत नाही आणि केसांच्या कडेला पांढरी रेघही उमटत नाही. शिवाय जवळपास प्रत्येक मॉड्यूलला (तिथल्या प्रत्येक साधनाला मॉड्यूल म्हणतात) मास्क लावता येतो, हाताने काढलेला किंवा रंगावरून, उजेडावरून निवडलेला. ग्राफिक्स कार्ड बरं असेल तर ते कामाला लावून वेगही चांगला मिळतो. रॉथेरपीतही एका भागापुरतं काम करायची सोय आहे, २०२२ च्या ५.९ आवृत्तीपासून, पण तिथे फोटोवर स्पॉट नावाचे घेरे टाकून त्यांच्या कडा ओढत बसायला लागतं आणि ते मला अजूनही अवघड वाटतं.

एवढं असूनही सुरुवातीसाठी मी डार्कटेबल सुचवत नाही, आणि त्याचं कारण एकच आहे.

लाइटटेबलवर, म्हणजे जिथे सगळे फोटो ओळीने मांडलेले दिसतात तिथे, फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसला होता तसाच दिसतो. डबल क्लिक करून तो डार्करूममध्ये, म्हणजे एडिट करायच्या विभागात, उघडलात की बघता बघता बदलतो. रंग उतरतात, सावल्या करड्या पडतात, ज्या आकाशासाठी फोटो काढला तेच फिकं होतं. यात बिघाड काही नाही. जवळपास प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेलं एक जेपेग असतं. कॉन्ट्रास्ट, रंग, शार्पनिंग असं सगळं कॅमेऱ्याने त्यात आधीच केलेलं असतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आपण तेच पाहतो आणि लाइटटेबलवरही सुरुवातीला तेच दिसतं. डार्करूममध्ये ते बाजूला सारून मूळ डेटावरून चित्र नव्याने उभं केलं जातं. कॅमेऱ्याची नक्कल आपोआप करायची नाही, चित्र तुम्ही घडवा, असं डार्कटेबलवाल्यांचं ठरलेलं धोरण आहे, आणि त्यामागचा विचार मला पटतोही.

पण शिकणाऱ्याच्या बाजूने पाहा. फोटो फिका दिसतोय तो एक्स्पोजर चुकल्यामुळे, लेन्समुळे, की सॉफ्टवेअरमुळे, हे त्याला कळायला मार्ग नसतो. मग सगळा वेळ कॅमेऱ्याने दाखवलं होतं तिथवर परत पोचण्यात जातो. त्याच्या पुढे फोटो कसा नेता येईल हे सुचेपर्यंत डोळे थकलेले असतात. मदतीला एखादा व्हिडिओ लावावा तर त्यातला माणूस बेस कर्व्ह वापरत असतो, दुसरा फिल्मिक, तिसरा सिग्मॉइड. तिघेही आपापल्या काळात बरोबर, कारण एकच काम करणारी मॉड्यूल्स तिथे वर्षांगणिक वाढत गेली आहेत. यातलं काय धरावं आणि काय सोडावं हे कळायला जी समज लागते ती डार्कटेबल वापरूनच येते, आणि नवशिक्याची अडचण नेमकी तिथेच आहे.

रॉथेरपीने या जागी फार विचारपूर्वक सोय केली आहे. रॉ फाइल पहिल्यांदा उघडली की ते आतल्या जेपेगशी रॉची तुलना करतं आणि दोन्हींचा उजेड-अंधार जुळेल असा टोन कर्व्ह, म्हणजे कुठला उजेड किती वाढवायचा किंवा दाबायचा हे ठरवणारी रेषा, आपोआप बेततं. फोटो फिका पडत नाही. रंग तंतोतंत जुळतील असं नाही, लाल आणि गर्द हिरव्यात थोडा फरक मला दिसतो, पण चित्र ओळखीचं राहतं. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तो कर्व्ह एक्स्पोजरच्या पॅनेलमध्ये समोरच असतो, सगळ्या बिंदूंसकट. तुमच्या कॅमेऱ्याने सावल्या किती दाबल्या, मधला उजेड किती उचलला, हे त्या रेषेवर वाचता येतं. एखादा बिंदू धरून खाली ओढा, काय होतं ते बघा, पुन्हा जागेवर आणा. कर्व्ह म्हणजे काय हे मला अशा ओढाताणीतून जेवढं कळलं तेवढं वाचून कधी कळलं नव्हतं. कोऱ्या पाटीवरूनच सुरुवात करायची असेल तर न्यूट्रल प्रोफाइल एका क्लिकवर आहे, म्हणजे तीही वाट बंद नाही.

रॉथेरपीचे दोषही सांगायला हवेत. नॉइज रिडक्शन आणि शार्पनिंगचा परिणाम नीट बघायचा तर १०० टक्के झूम करावं लागतं, पूर्ण चित्र बघताना तो धड दिसत नाही. फोटो बंद केला की हिस्टरी (केलेल्या पायऱ्यांची यादी) आणि स्नॅपशॉट (मधल्या टप्प्यांच्या जपलेल्या नोंदी) पुसले जातात. अंतिम सेटिंग्ज पीपी३ फाइलमध्ये राहतात, पण तिथवर कसे पोचलात ते राहत नाही. डार्कटेबल ही सगळी पायरी-पायरीची नोंद एक्सएमपीत जपतं. फोटोंची लायब्ररी म्हणावी तर रॉथेरपीत नाहीच, फोल्डर उघडा आणि तारे किंवा रंग देऊन निवडा, एवढंच. मला ते सोयीचं पडतं, कारण कार्डावरून फोल्डरमध्ये फोटो टाकले की लगेच काम सुरू करता येतं, आधी इम्पोर्ट करायची भानगड नाही. तुमचा संग्रह मोठा असेल आणि कीवर्डने शोधायची सवय असेल तर सोबत डिजीकॅमसारखा फोटोंचा संग्रह सांभाळणारा प्रोग्राम लागेल.

माझ्या रोजच्या कामाला रॉथेरपी आहे, आणि पहिल्यांदा शिकणाऱ्यालाही मी तेच सुचवेन. मास्कशिवाय भागत नाही असे फोटो मी आजही डार्कटेबलमध्ये नेतो, आणि तुम्हीही कधीतरी न्याल. दोन्ही प्रोग्राम मूळ रॉ फाइलला हात लावत नाहीत आणि दोघांच्या नोंदी वेगवेगळ्या फाइलींत राहतात, त्यामुळे एकाच फोल्डरवर दोन्ही सुखाने नांदतात.

माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः करून बघा. फक्त त्यासाठी आवडता, आधीच छान आलेला फोटो घेऊ नका, तो कुठेही छानच दिसेल. भर उन्हातला, अर्धा सावलीत अर्धा उजेडात असलेला, आणि कॅमेऱ्यावर बरा वाटलेला एखादा फोटो घ्या. तो दोन्हींत उघडा आणि काहीही न करता आधी नुसता बघा. मग सावलीतला भाग उचलायचा प्रयत्न करा आणि पहिला स्लायडर कोणता धरायचा हे तुम्हाला कुठे लवकर सुचतं, ते पाहून ठरवा.