ट्रेनर काइट: दोन दोऱ्यांची घ्यावी की तीन?

रामेश्वरमला काइटबोर्डिंग (मोठ्या काइटच्या ओढीने फळीवर उभं राहून पाण्यावरून सरकायचा खेळ) शिकायला जायचं ठरलंय, त्याआधी बडोद्यातच थोडा हात बसावा म्हणून ट्रेनर काइट, म्हणजे जमिनीवर सराव करायची छोटी काइट, घ्यायचीय आणि गाडी ‘दोन दोऱ्या की तीन’ इथे अडलीय, अशांसाठी हे लिहितोय. माझ्याकडे आधी दोन दोऱ्यांची होती, आता तीन दोऱ्यांची आहे. कापड, रंग, किंमत तुम्ही पाहून ठेवलंच असणार. आकार दोन-अडीच चौरस मीटरच्या आसपास बरा. पहिल्याच खेपेला तीनच्या वर जाऊ नका. वारा अचानक वाढला तर हलक्या अंगाच्या माणसाला ती फरपटत नेते.

दोन दोऱ्यांची बाजू आधी, कारण ती लंगडी नाही. प्रिझमची सिनॅप्स किंवा एचक्यूची सिम्फनी घ्या: पिशवीतून काढली, दोऱ्या उलगडल्या की लगेच हवेत. हाताला चटकन उत्तर देते. आणि गुंता व्हायला मुळात दोऱ्याच कमी. काइट गोल फिरून दोऱ्यांना पीळ पडला तरी फारसं बिघडत नाही. दोऱ्या गुळगुळीत असतात, एकमेकींवरून सरकत राहतात. उलट्या बाजूने तेवढेच फेरे मारले की पीळ सुटतो.

मग माझं बिनसलं कुठे? पडलेली काइट उचलण्यात. ती नाकावर, म्हणजे पुढच्या कडेवर, आपटली की दोन दोऱ्यांनी बहुधा उठत नाही. हँडल खाली ठेवायचं, वीसेक मीटर चालत जायचं, काइट उलथी करून नीट मांडायची, परत यायचं. नवशिक्याची काइट दर दोन मिनिटांनी पडते, त्यामुळे संध्याकाळ उडवण्यात कमी आणि येरझाऱ्यांत जास्त जाते. तेही एक वेळ चाललं असतं. पण तुम्ही चालत असताना दोऱ्या सैल पडतात आणि खरा गुंता तिथे होतो. आमच्या मैदानावर होळीनंतर गवत वाळलेलं, त्यात सराटे. काइटच्या पोटाखालच्या बारीक दोऱ्यांच्या जाळीत एक सराटा अडकला की तो काढता काढता शेजारच्या दोन दोऱ्या त्याच्याभोवती फिरतात. वर घाईत काइट चुकीच्या बाजूने उलथली तर नवा पीळ. सोबत कायम कुणी असेल, काइटपाशी उभा राहून ती धरून देणारा, तर हा त्रास निम्म्याने कमी होतो. माझ्याबरोबर रोज येईल असा कुणी नव्हता.

तिसरी दोरी काइटच्या मागच्या कडेला जोडलेली असते आणि बारच्या (दोन्ही हातांनी धरायच्या दांडीच्या) मधून तुमच्या मनगटाच्या पट्ट्यापर्यंत येते. काइट नाकावर पडली की ही दोरी हाताने ओढायची. काइट उलटी, पाठीमागे सरकत वर उठते. पुरेशी वर आली की दोरी सोडायची, ती वळते आणि उडू लागते. तुम्ही जागचे हलत नाही, दोऱ्या ताणातच राहतात. एक सांभाळा: वाऱ्याच्या बरोबर मध्यावरून उठली तर झटका बसतो, तेव्हा गुडघे वाकवून तयार राहा.

सुरक्षिततेतही मला तीच उजवी वाटते. घाबरलात तर बार सोडून द्यायचा, काइट तिसऱ्या दोरीवर लटकून जोर गमावते आणि खाली बसते. मनगटात पट्टे अडकवायच्या दोन दोऱ्यांच्या काइटमध्ये पट्टा काढेपर्यंत ती ओढतच राहते. शिवाय ‘आधी सोड, मग विचार कर’ ही सवय पुढे लागणारच आहे. पाण्यातल्या मोठ्या काइटच्या सुटका-यंत्रणेसाठी तर आता आयएसओ २१८५३ हे स्वतंत्र मानकच आहे, २०२० सालचं. आणि पडलेली काइट जागेवरून उठवता येणं ही काही चैन नव्हे. ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी १९८४ मध्ये फुगवायच्या काइटचं पेटंट घेतलं, तेव्हा पाण्यात पडलेली काइट पुन्हा कशी उठवायची, हाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

तीन दोऱ्यांची किंमत जास्त, मांडायलाही जरा वेळ लागतो. मुलांसोबत दीव-दमणला सुट्टीत उडवण्यापुरतीच हवी असेल तर मी दोन दोऱ्यांचीच घ्या म्हणेन. पण पुढे पाण्यात उतरायचं असेल आणि मैदानावर बहुतेक एकटेच जाणार असाल, तर जास्तीचे पैसे खर्चायला हरकत नसावी.

कोणतीही घेतली तरी उत्तरायणातल्या पतंगबाजीचे हात थोडे आवरावे लागतील. इथे ढील नाही, दोऱ्यांची लांबी ठरलेली. ताणलेली दोरी मुठीत धरायची नाही, बोटाला गुंडाळायची तर मुळीच नाही. काच नसली तरी ती बोट कापते. जानेवारीत तर काइट काढूच नका. या दोऱ्या डायनीमा नावाच्या कृत्रिम धाग्याच्या, ताकदीला जबर पण घर्षणाच्या उष्णतेने दीडशे अंशांच्या आतबाहेर वितळणाऱ्या. वरून आलेल्या काचेच्या मांजापुढे त्यांचा निभाव लागत नाही. वाऱ्याच्या दिशेला दोऱ्यांच्या दुप्पट अंतर मोकळं ठेवा, वीजतारा आणि हरणी विमानतळाची बाजू टाळा. गुंडाळताना बारवर आठच्या आकड्यात गुंडाळा, पुढच्या वेळी सरळ उलगडते.

तीन दोऱ्यांची जुनी काइट घेत असाल तर तिसरी दोरी आखडलेली नाही ना, ते पाहा. काइट उडत असताना ती किंचित सैल असायला हवी. ताठ असेल तर मागची कड सतत ओढली जाते आणि काइट वर जायच्या ऐवजी मागे मागे येते. विकणाऱ्याला ती मैदानातच उडवून दाखवायला सांगा.