ताबा एकाकडे की दोघांकडे? संमतीच्या अटींवर सही करण्याआधी

घटस्फोट संमतीने घ्यायचा ठरला की दोन्हीकडची माणसं एकाच प्रश्नावर येऊन अडतात: मूल कुणाकडे राहणार? मूल रात्री कुठे झोपणार हे महत्त्वाचं आहेच. पण पुढे वर्षानुवर्षं भांडण पेटतं ते वेगळ्याच गोष्टींवरून. शाळा बदलायची का, पासपोर्टवर सही कोण करणार, आठवीला संस्कृत की जर्मन, दातांना तारा आत्ता लावायच्या की दोन वर्षांनी. पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात अटींचा कागद देण्याआधी राहण्याचा प्रश्न आणि निर्णयाचा प्रश्न वेगवेगळे मांडून बघा. ताबा कसाही ठरो, निर्णयांची वाटणी लिहून घेतली नसेल तर दोन्ही पर्याय सारखेच फसतात.

परदेशी राहिलेला एखादा नातेवाईक सांगतो, 'लीगल कस्टडी वेगळी मागून घे.' अमेरिकेत ते बरोबर आहे. तिथे राहण्याचा ताबा आणि निर्णयाचा हक्क न्यायालय वेगवेगळा ठरवतं. आपल्याकडे १८९० चा पालक व पाल्य कायदा आणि हिंदूंसाठी १९५६ चा अज्ञानत्व (म्हणजे सज्ञान नसणं) व पालकत्व कायदा, यांत अशी सरळ विभागणी नाही. इथे एकीकडे पालकत्व, म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेण्याची जबाबदारी, आणि दुसरीकडे ताबा, म्हणजे मूल कुणाकडे राहणार ते. ताबा आईला मिळाला म्हणून वडिलांचं पालकत्व आपोआप संपत नाही, आणि नेमकी इथेच बहुतेकांची गल्लत होते. १९५६ च्या कायद्याच्या सहाव्या कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असं लिहिलं आहे. गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोख्यांसाठी अर्ज केला तेव्हा रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली होती; त्या प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की 'नंतर' म्हणजे वडील हयात नसतानाच असं नव्हे, वडील मुलाकडे लक्षच देत नसतील तरीही आईच पालक. तरीसुद्धा शाळेचा क्लार्क किंवा बँकेचा अधिकारी आजही 'वडिलांची सही आणा' म्हणतो. त्याच्यापुढे निकालाची चर्चा उपयोगाची नाही, हुकुमातली स्पष्ट ओळ उपयोगाची.

आता दोन पर्याय.

पहिला, नेहमीचा: ताबा एकाकडे, दुसऱ्याला भेटीचे दिवस. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं असं कायदाच म्हणतो, पण त्यातला 'साधारणपणे' हा शब्द वाचायचा राहून जातो. शेवटी कसोटी एकच, मुलाचं हित. आणि 'नऊ वर्षांचं झालं की मूल स्वतः ठरवतं' हे जे पेठांपासून हिंजवडीपर्यंत सगळे छातीठोक सांगतात, तो आकडा कायद्यात नाही. मूल समजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं, एवढंच. न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये बोलतात. मूल जे म्हणेल ते बंधनकारक नसतं.

या पर्यायाचा मोठा फायदा म्हणजे घडी बसते. एक घर, एक दप्तर, एक बसस्टॉप. तोटा असा की दुसरा पालक हळूहळू 'रविवारचा पाहुणा' होतो. शाळेच्या ग्रुपवर त्याचा नंबर नसतो, ओपन हाऊसची तारीख कळत नाही, आणि मग तो पोटगी देताना 'मला विचारतं कोण?' असं म्हणू लागतो. पोटगी आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक थकली म्हणून दुसरी अडवता येत नाही. पण घराघरात तो सौदा चालतोच.

दुसरा पर्याय संयुक्त ताबा, म्हणजे मूल वाटून घेतलेल्या दिवसांनी दोघांकडे राहणार. सरकारला कायद्यांबाबत सल्ला देणाऱ्या विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात त्याची शिफारस केली होती, पण तसा केंद्रीय कायदा काही झाला नाही. त्यामुळे तो हक्क म्हणून मागता येत नाही. दोघांनी लिहून दिलं आणि न्यायालयाला मुलाच्या हिताचं वाटलं तर होतो. कागदावर हा पर्याय फार शोभून दिसतो. प्रत्यक्षात तो पत्त्यावर अवलंबून असतो. आई कोथरूडला, वडील वारज्याला आणि शाळा कर्वेनगरला असेल तर आठवडा वाटून घेणं जमतं. तेच वडील वाघोलीला राहत असतील तर मुलाचा निम्मा आठवडा नगर रस्त्यावरच्या गर्दीत जाणार. अंतर मोजायचं तर सकाळी सातच्या शाळेच्या हिशेबाने मोजा, रविवारी दुपारच्या नव्हे.

संयुक्त ताबा घेतला की पोटगी द्यावी लागत नाही, असाही एक समज आहे, आणि काही जण तेवढ्यासाठीच तो मागतात. तसं नाही. मुलाचा खर्च आई आणि वडील दोघांवर आहे, आणि मिळकतीत मोठा फरक असेल तर जास्त कमावणाऱ्याला द्यावंच लागतं.

निर्णयांचा भाग मात्र दोन्ही पर्यायांत सारखाच उघडा राहतो. अटींच्या कागदात बहुतेक वेळा हे वाक्य असतं: 'मुलाच्या हिताचे सर्व निर्णय उभय पक्ष परस्पर संमतीने घेतील.' वाचायला गोड, आणि पहिल्याच मतभेदाला निकामी. संमती झाली नाही तर काय, हे त्यात नाही. त्याऐवजी असं काही लिहून घ्या:

'शाळा किंवा बोर्ड बदलायचे झाल्यास आई वडिलांना ई-मेलने ३० दिवस आधी कळवेल. वडिलांनी १५ दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास त्यांची संमती आहे असे समजले जाईल. हरकत आल्यास दोघे एकदा मध्यस्थाकडे बसतील. तरीही एकमत न झाल्यास शाळेबाबत आईचा निर्णय राहील. नियोजित शस्त्रक्रियेबाबत हाच क्रम लागू होऊन वडिलांचा निर्णय राहील. तातडीच्या उपचारांचा निर्णय मूल त्या वेळी ज्याच्याकडे असेल तो घेईल व दुसऱ्याला त्याच दिवशी कळवेल.'

शेवटचा शब्द कुणाचा, हे विषयवार वाटलं की एकाला सगळं आणि दुसऱ्याला काहीच नाही असं होत नाही. आई डॉक्टर असेल तर उपचार तिच्याकडे, वडील शिक्षक असतील तर शाळा त्यांच्याकडे. अर्थात असं लिहिल्याने न्यायालयाचा हात बांधला जात नाही. मुलाच्या हिताला बाधा येत असेल तर ते कधीही लक्ष घालू शकतं. ताब्याचे हुकूम परिस्थिती बदलली की बदलून मागता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच सांगितलं आहे.

पासपोर्टचं वेगळं कलम हवंच. दोघांची संमती असेल तर ॲनेक्शर डी हा घोषणापत्राचा नमुना भरतात. एकट्याने अर्ज करायचा तर ॲनेक्शर सी, आणि त्यात दुसऱ्याची संमती का नाही ते लिहावं लागतं. पुण्यात दर दुसऱ्या घरात ऑनसाईटची, म्हणजे कंपनीच्या कामासाठी परदेशी जाण्याची, शक्यता असते, म्हणून परदेशी नेताना लेखी संमती, परतीचं तिकीट, तिथला पत्ता हे सगळं आधीच ठरवा. मुलांना परदेशातून परत आणण्यासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. मूल एकदा बाहेर गेलं की त्या कराराचा आधार मिळत नाही. मुलाच्या नावे फ्लॅट असेल तर हिंदूंच्या बाबतीत तो विकायला नैसर्गिक पालकालाही न्यायालयाची परवानगी लागते, ताबा कुणाचाही असो.

सणांचं वेळापत्रक दोन्ही पर्यायांत लागतं. 'गणपतीत आळीपाळीने' एवढं पुरत नाही. प्रतिष्ठापनेचा दिवस, गौरीजेवण, अनंत चतुर्दशी, एकेक लिहा. वाढदिवस तिथीने एकाकडे आणि तारखेने दुसऱ्याकडे ही पुणेरी सोय हसण्यावारी नेऊ नका, चालते.

मग निवड कशी करायची? दोघं एकमेकांना साधा मेसेज भांडण न होता करू शकत असतील आणि घरं शाळेजवळ असतील तर संयुक्त ताबा. यातलं एक जरी नसेल तर एकाकडे ताबा, भरपूर भेट आणि वर दिलेली निर्णयांची वाटणी. माझ्या मते बहुतेक पुणेकर जोडप्यांना हाच बसतो. मारहाण किंवा धाक असेल तर संयुक्त ताब्याचा विचारही करू नका. तिथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २१ व्या कलमाखाली तात्पुरता ताबा मागता येतो आणि त्या वाटेने आधी जावं.

हिंदू विवाह कायद्याखाली संमतीच्या अर्जात दोन टप्प्यांमध्ये सहा महिने जातात. २०१७ पासून योग्य प्रकरणात ती मुदत माफही होते आणि वकील ती माफ करून घेण्याच्या मागे लागतात. मूल असेल तर घाई करू नका. त्या सहा महिन्यांत ठरवलेलं वेळापत्रक खरोखर चालवून बघा, निदान एक चाचणी परीक्षा आणि एक मोठी सुट्टी त्यात येऊ द्या. जे कलम जमलं नाही ते समुपदेशकासमोर बसून बदला आणि सुधारलेल्या अटी दुसऱ्या टप्प्याआधी न्यायालयात दाखल करा. हुकूम झाल्यावर तोच बदल करायला नवा अर्ज आणि नव्या तारखा लागतात.